सहीनिशी

३ मार्च, मंगळवार

दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंच्या मुलीला पोलिसांनी उचललं. मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. पोरगी मोर्च्याहून परत येत होती, हातात साधा फलकही नव्हता. दोघांनी दंड धरले, एकाने केस. निळी बंद गाडी. नंबर लगेच लिहून घेतला — चौतीस वर्षं सरकारी कचेरीत तक्रारींचं टेबल सांभाळलंय, हात आपोआप पेन्सिलीकडे जातो.

जावई म्हणाले, "आई, बाल्कनीत जाऊ नका. हा आपला देश नाही."

मग कपडे काय डोक्यावर वाळवू?

४ मार्च

संचारबंदी. धुराने डोळे चुरचुरतात. लेकीने खिडक्यांच्या फटीत ओले टॉवेल कोंबलेत.

५ मार्च

शिंपीणबाई तीन पोलीसठाणी फिरून आल्या. सगळीकडे एकच उत्तर — अशी मुलगी आम्ही आणलीच नाही. धादांत खोटं बोलतात मेले! मापाची टेप बाईंच्या गळ्यात तशीच लोंबत होती.

नंबर आहे म्हटल्यावर त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "वकील म्हणतो, कुणी पाहिलं असेल तर मुलीला कोर्टापुढे आणावंच लागेल. नुसती वेळ आणि नंबर लिहून द्या. नाव नको. इथे कुणी नाव लिहीत नाही."

६ मार्च

लेक म्हणाली, "ह्यांच्या नोकरीवर आपण सगळे इथे आहोत. तू यात पडू नकोस."

पडले. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी घोटून घेतलेल्या इंग्रजीत एक पान लिहिलं. निनावी अर्ज मी जन्मभर केराच्या टोपलीत टाकले. स्वतःचाच तसला कसा देऊ? खाली पूर्ण नाव, सही, तारीख, घर नंबर. पाकीट चिकटवून बाईंना दिलं.

९ मार्च

मुलगी जिवंत आहे! माझं पत्र पुढे आल्यावर पोलिसांना कबूल करावं लागलं. आईला पाच मिनिटं भेटू दिलं. डावा हात गळ्यात बांधलेला, पण ओळखलं, बोलली. सहीमुळेच न्यायाधीशांना दखल घ्यावी लागली, असं वकील म्हणाला.

"पण नाव का हो लिहिलंत?" शिंपीणबाई रडत होत्या. मला वाटलं, आनंदाने.

जेवताना जावयांना सगळं ऐकवलं, जरा तोऱ्यातच. ते ताटावरून उठले आणि कपाटातली कागदपत्रं काढून बसले.

१० मार्च

सकाळी तिघे आले. मी पुढे झाले, सही माझी आहे म्हणून सांगितलं. पुन्हा सांगितलं. साहेबाने भाडेकरार मागितला. घर ज्याच्या नावावर, जबाब त्याचा, म्हणाला. जावयांना नेताना बूटही घालू दिले नाहीत.

"मॅडम, तुम्ही बसून घ्या," जाताना साहेब अदबीने म्हणाला.

मी बसले.