आम्ही उबेत आहोत

फ्लोरिडात उन्हं खात पडलेल्या भाऊराया कॉलिन,

नोव्हेंबर नुकता लागलाय. झाडांची पानंही गळली नव्हती, तोच ओला बर्फ कोसळला आणि फांद्या विजेच्या तारांवर आल्या. आज तिसरा दिवस, केप ब्रेटनमधला आपला अख्खा रस्ता अंधारात आहे. वीज गेली की विहिरीचा पंप जातो, म्हणून मी आधीच टब पाण्यानं भरून ठेवला होता. एवढं जुनं शहाणपण तुझ्या हातून वाचलं.

आईच्या स्वयंपाकघरातली लाकडाची शेगडी मात्र तू उन्हाळ्यात भंगारात काढलीस. "आता विजेवर घर तापतं, मर्ना. चौऱ्याऐंशीच्या बाईनं सरपण कशाला ओढायचं?" काय ती माया! ती बाई आता दोन कोट चढवून गोधडीत कुडकुडतेय. शेजारचा अँगस रोज विनवतो, "मावशी, माझी शेगडी पेटलीय, चला." ती हलत नाही. का? तर सहा वाजता घरच्या तारेच्या फोनवर तुझा फोन येतो, तो विजेशिवायही चालतो.

काल आलाच. "इथं मरणाचं उकडतंय गं आई!"

"आम्ही मस्त उबेत आहोत, राजा."

मी तोंड उघडलं, तर बर्फासारख्या बोटांनी तिनं माझं मनगट दाबलं. फोन ठेवून म्हणते, "त्याला सांगू नकोस. हौसेनं केलं होतं बिचाऱ्यानं."

शब्द दिलाय, म्हणून हे पत्र टपालात पडणार नाही. पण आज पाचलाच मी तिला उचलून अँगसकडं नेतेय, रडली तरी. सहाला रिकाम्या घरात तुझा फोन वाजू दे. वाजत राहू दे.

तुझी थोरली,
मर्ना