गाडी रिकामी पाहिजे

अंबड,
ता. ६ जानेवारी १९७४

ती. सौ. ताईस व दाजींस,

मच्छिंद्रचा जयभीम. वि. वि. इकडं सगळं ठीक, आबांची कंबर सोडून. त्यांना उठवून बसवावं लागतं, त्यामुळं मायचा पाय घराबाहेर पडत न्हाई. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी घरी नव्हतो. कुठं होतो ते खाली लिहितो, विसरलो न्हाई तर.

दाजींनी कळवल्याप्रमाणं गाडी तिकडं पाठवायच्या कामाला लागलो आहे. परवा जालन्याला गेल्तो. मोंढ्याजवळ ट्रकवाल्यांचं आफिस आहे, तिथं तातेराव नावाचा कारकून बसतो. मोटारगाडी ट्रकवर चढवून, साखळदंडानं बांधून, थेट तुमच्या खाणीपर्यंत पोचवतात. पुढला ट्रक ३१ तारखेला, त्यानंतरचा एकदम महिन्यानं. पण त्याच्या अटी ऐकशील तर तुलाबी शंका येईल. गाडी धुऊन आणायची. कशाला? पाचशे कोस ट्रकवर जाणार, धूळ बसणारच की. टाकीत पेट्रोल पावभागच ठेवायचं. बॅटरीची तार सोडायची. चावी त्याच्या हवाली करायची. आणि गाडी बिलकुल रिकामी पाहिजे, आत सुतळीचा तोडा दिसला तरी घेणार न्हाई म्हणला. मी कारण विचारलं. तर म्हणे, धुतली की पोचे दिसतात, ते आधीच कागदावर लिहून दोघांनी सह्या करायच्या, म्हणजे पुढं भांडण न्हाई. मला काही पटलं न्हाई. जो माणूस भांडण होऊ नये म्हणून इतकी तयारी करतो, त्याच्या पोटात काहीतरी असतंच.

तिथून निघालो तर स्टेशनाकडं सर्कसचा तंबू लागलेला. एक बाई तारेवर सायकल चालवते आणि वर छत्री धरते. पाऊस न्हाई, ऊन न्हाई, मंग छत्री कशाला, ह्याचा विचार करता करता शेवटची यष्टी गेली. म्हणून तुझं पत्र दुसऱ्या दिवशी वाचलं.

गाडी अजमत मिस्त्रीकडं लावली आहे. तोच, ज्याच्या रहिमुन्निसाला तू पहिलीत बाराखडी शिकवली. ब्रेक, टायर, गळती, सगळं बघून देतो म्हणला. मैलांचा आकडा तू विचारला होतास. ३१,६४०. गाडी उभी राहिली की बॅटरी मरते, म्हणून मधी मधी थोडी फिरवावी लागते, हे दाजींना सांग.

आईबापांच्या वतीनं दोघांना आशीर्वाद आणि माझ्यावर नेहमीसारखाच थोडा राग ठेवावा.

तुझा,
मच्छिंद्र



खाण कॉलनी, ओरिसा,
ता. १५ जानेवारी १९७४

चि. मच्छिंद्रास,

अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं. आम्ही सप्टेंबरात निघालो तेव्हा आकडा ३१,११० होता, तो ह्यांच्या वहीत लिहिलेला आहे. बॅटरी जगवायला पाचशे तीस मैल लागतात हे आम्हाला नवीनच कळलं. पैठण किती वेळा पाहिलंस ते विचारत नाही. ह्यांना अजून सांगितलेलं नाही, आणि तू ३१ तारीख चुकवली नाहीस तर सांगणारही नाही.

आता मन लावून वाच. मला आठवा लागतो आहे. दोन दिवस रेल्वेचा प्रवास करून माहेरी यायला इथल्या मोठ्या डॉक्टरांनी साफ मनाई केली. ह्यांच्या खाणीचा दवाखाना म्हणजे दोन खाटा आणि एक कंपाउंडर. ऑपरेशनची सोय अठरा मैलांवर. गेल्या खेपेला खाणीची जीप यायला चार तास लागले आणि माझं बाळ रस्त्यातच गेलं. ते तुला ठाऊक आहे, पण तू ऐकून सोडून देतोस म्हणून पुन्हा लिहिते. या वेळी फेब्रुवारीच्या मध्यापासून गाडी माझ्या दारात उभी पाहिजे. महिन्यानंतरचा ट्रक माझ्या काही कामाचा नाही.

आणखी एक. मिस्त्रीवर नजर ठेव. कॉलनीतले लोक सांगतात की गाडी लांब जाणार म्हटलं की गॅरेजवाले चांगले भाग काढून जुने बसवतात, कारण तक्रार करायला कोणी परत येत नाही. अजमतभाई तसे नसावेत. पण नसावेत म्हणून डोळे मिटून बसू नकोस.

मायला म्हणावं, माझी काळजी नको. खायला इथं भात आहे, भातच आहे. ज्वारीची भाकरी स्वप्नात येते, पण ती गोष्ट वेगळी.

आबांना जपा, आणि माझी आठवण काढून घास खा.

तुझी ताई,
बेबीनंदा



अंबड,
ता. २४ जानेवारी १९७४

ती. सौ. ताईस,

मच्छिंद्रचा जयभीम. वि. वि. तू सांगितलं ते बराबर निघालं. मी नजर ठेवली आणि चोरी सापडली.

आधी मी काय केलं, तर गाडीच्या सुट्या होतील अशा सगळ्या भागांवर खालच्या अंगाला खिळ्यानं म काढला. स्टेपनीवर म, बॅटरीवर म, हॉर्नवर म. जॅकवर काढताना खिळा हातात घुसला, पण काढला. मिस्त्री दिवसभर काम करतो आणि सांजंला गाडी आपल्या दारात आणून लावतो, कारण त्याच्या गॅरेजला दारच न्हाई. मी घरी नसलो तर माय राखण करते. ती तर इतकं राखते की गाडीपाशी कुणाला फिरकू देत न्हाई, मलाबी न्हाई.

आता ऐक. मागचं चाक आणि वरचा पत्रा, ह्याच्यामधी किती जागा राहते ते मी बोटांनी मोजून राह्यलो होतो. पहिल्या रविवारी सहा बोटं. बुधवारी पाच. मधी दोन दिवस मी रोहिलागडाकडं गेल्तो, एक माणूस मोर पाळतो असं ऐकलं होतं (खोटं निघालं, लांडोर होती). आलो तर चार बोटं. गाडीत कुणी बसलेलं न्हाई, तरी मागून खाली बसत चालली. म्हणजे काय? म्हणजे मागचे कमानपाटे, ज्यांच्यावर गाडीचं ओझं तोललेलं असतं, ते बदलले. आपले चांगले काढले आणि कुणाचे तरी थकलेले बसवले. पाट्यांवर म काढायचा राहिला होता, तेवढंच नेमकं त्यानं हेरलं.

मंग मी चहाच्या हाटेलात, चार माणसांत, त्याला विचारलं की आमचे पाटे कुठं गेले. भिवा होता, कडूबा होता, सगळे ऐकून राह्यले होते. मिस्त्रीनं कप खाली ठेवला, हात पुसले, खिशातून गाडीची चावी काढून माझ्यापुढं ठेवली आणि उठून गेला. दुसऱ्या दिवशी आलाबी न्हाई. खरा असता तर भांडला असता, मला तर गप्प माणसाचाच जास्त संशय येतो.

मायला सांगितलं तर तिचा हात तव्यावरच थांबला, भाकरी करपली. तिलाबी धक्का बसला असणार. मंग म्हणली की मिस्त्री तसा माणूस न्हाई, तू उगं गावभर करू नको. माय भोळी आहे.

काम बाकी फार न्हाई. मी स्वतः गाडी धुतो आणि ३१ ला जालन्याला नेतो. पाटे थकलेले असले तरी गाडी चालते.

आबांचा आशीर्वाद. भावावर जीव ठेव, तो जागा आहे.

तुझा,
मच्छिंद्र



अंबड,
ता. १ फेब्रुवारी १९७४

ती. सौ. ताईस,

मच्छिंद्रचा जयभीम. गाडी काल निघाली. हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं वाचताना तुझा जीव टांगणीला नको.

सकाळी नऊला मी तातेरावच्या आवारात पोचलो. तो कागद घेऊन गाडीभोवती फिरला आणि एकेक पोचा लिहीत गेला. एका पोच्यावरून मी भांडलो, कारण तो मी पाडला आहे, कधी ते विचारू नको. मंग तो मागं वाकला, चाकाकडं बघितलं आणि म्हणला रिकामी गाडी इतकी बसत न्हाई. त्यानं मागचं सीट उचललं.

ताई, सीटखाली ज्वारी. जुन्या लुगड्याच्या चिंध्यांच्या पिशव्या, हातभर लांबीच्या, गच्च शिवलेल्या, एकीला एक चिकटून, म्हणजे खडखड नको. डिकीतल्या स्टेपनीच्या मागंबी त्याच. डबाभर डिंक, अळीव, खारीक, गोडंबी. आणि सगळ्यात वर एक लहान गोधडी. दीड मण तरी भरलं असंल. टाका मी ओळखला. गोधडीचा टाका आपल्या घरात एकच माणूस घालतो.

तातेरावचं तोंड पांढरं पडलं. ज्वारी बाहेर न्यायला परवाना लागतो, नाक्यावर सापडली तर ट्रक अडकंल, त्याची नोकरी जाईल. त्याला वाटलं मीच चोरटा व्यापार करून राह्यलो. हातच जोडले त्यानं, गाडी घेऊन जा म्हणला. मी तुझं सगळं सांगितलं, जीपचं, चार तासांचं. माणूस नरमला, पण आता त्याचा माझ्यावर भरवसा न्हाई. म्हणला, ज्या मिस्त्रीनं गाडी तयार केली त्यानं यावं, खालून वरून तपासावी, आत काही न्हाई असं लिहून सही द्यावी, तर घेतो. ट्रक सहाला सुटणार.

माल तिथंच उतरवून ठेवला आणि यष्टीनं अंबड गाठलं. आधी मायला विचारलं. ती रडली न्हाई. म्हणली, लेक बाळंत होणार, मला जाता येत न्हाई, आणि तिच्या दारी रिकामी गाडी पाठवू? शेजारणीची वाटीबी आपण रिकामी परत देत न्हाई. तुला सांगितलं असतं तर तू काढून ठेवलं असतं. मिस्त्रीचं विचारलं तर म्हणली, गाडी गेल्यावर त्याच्या पाया पडणार होते. रोज मरत होते, पण गप्प राहिले.

मंग गॅरेजवर गेलो. मिस्त्री कुणाच्या तरी ट्रॅक्टरखाली होता. मी बाहेर बसून त्याच्या पायांना सगळं सांगितलं, कारण पायच दिसत होते. ज्वारीचं सांगितलं. पाट्यांचं माफ करा, हे मात्र ओठापर्यंत आलं आणि तिथंच राहिलं. तो बाहेर आला, साबणानं हात धुतले, पेटी घेतली. यष्टीत माझ्याशेजारी जागा होती, तो उभा राहिला. उतरल्यावर एकच बोलला, “बाई के वास्ते आया मैं, तेरे वास्ते नै.”

त्यानं गाडीखाली झोपून सगळं बघितलं. बॅटरीची तार सोडून तिला चिंधी गुंडाळली, वायपर काढून कागदात बांधले, चाकांमागं लाकडी ठोकळे ठोकायला लावले. तातेरावनं कागद वाचून दाखवला, कारण मिस्त्रीला मराठी वाचता येत न्हाई, आणि मिस्त्रीनं उर्दूत सही केली. मंग खाली पडलेली ती लहान गोधडी उचलली, झटकली, मागच्या सीटवर अंथरली आणि तातेरावला म्हणला की हे सीटचं कव्हर आहे, लिहा. तातेरावनं लिहिलं, जुने कव्हर, नग एक.

गाडी पाचशे तीस मैल कुठं कुठं फिरली हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं, कारण चाकातली माती तोच काढत होता. हाटेलात मी बोललो तेव्हा तो हे सांगू शकला असता. सांगितलं न्हाई. कालपासून माझं मन कशात लागत न्हाई, कुठं जावंसंबी वाटत न्हाई. आज दोनदा त्याच्या गॅरेजवरून गेलो. त्यानं वर बघितलं न्हाई.

ज्वारी परत घरी आणली. ती भाकरी माय मला वाढते आणि तोंडाकडं बघत न्हाई.

गाडी पोचली की तार कर. मला शिव्या लिहायच्या असतील तर त्यासाठी वेगळं कार्ड घाल.

तुझा,
मच्छिंद्र



खाण कॉलनी, ओरिसा,
ता. ३ मार्च १९७४

श्री. अजमतभाई यांना,

बेबीनंदाचा सलाम व जयभीम. हे पत्र तुमच्या नावानं आहे, पण मच्छिंद्रच्या पत्त्यावर पाठवलं आहे. ते त्यानं तुमच्या गॅरेजात येऊन, तुमच्यासमोर बसून, मोठ्यानं वाचायचं आहे. तो मधली ओळ गाळील असा मला संशय आहे, म्हणून आमच्या रहिमुन्निसाला त्याच्या मागं उभी करा. तिनं अक्षरावर बोट ठेवून बघावं. तिला वाचायला मी शिकवलं आहे, ती फसणार नाही.

गाडी ११ फेब्रुवारीला आली. तार सोडलेली होती ती जोडली आणि पहिल्या झटक्यात सुरू झाली. २४ तारखेला पहाटे मला कळा लागल्या आणि बाळ आडवं होतं. अठरा मैल आम्ही चाळीस मिनिटांत गेलो. मोठे डॉक्टर म्हणाले, आणखी तासभर उशीर झाला असता तर त्यांना दोघींपैकी एकीलाच वाचवता आलं असतं. मुलगी आहे. तुम्ही कव्हर म्हणून पाठवलेल्या गोधडीवर झोपली आहे.

आता जे लिहिते त्यासाठी इतकं पत्र. तुमच्यावर नजर ठेव, असं मच्छिंद्रला मीच लिहिलं होतं. माझ्या शाळेत पोरगी घालणाऱ्या माणसाबद्दल मी ते लिहिलं, दूरच्या लोकांचं ऐकून. चार माणसांत तो बोलला, पण ते शब्द आधी माझ्या पत्रात होते. माय गप्प राहिली. तिघांनी मिळून तुमचं नाव खराब केलं आणि तुम्ही आमच्यासाठी गाडीखाली झोपलात. मला माफी मागायला तोंड नाही, पण मागते.

मच्छिंद्रा, इथपर्यंत वाचलंस. पुढची ओळ मी तुझ्यासाठी लिहिली आहे. ती मान वर करून, हळू वाचायची, आणि भिवा, कडूबा आसपास असतील तर त्यांना बोलावून वाचायची.

अजमतभाई, मी मच्छिंद्र, मी खोटं बोललो, पाटे आमचेच होते, मला माफ करा.

रहिमुन्निसा, त्यानं सगळं वाचलं का? एखादा शब्द गिळला असेल तर पुन्हा वाचायला लाव.

लोभ राहावा असं लिहायचा हक्क मी गमावला आहे. तो तुमच्याकडं मागते.

आपली,
बेबीनंदा