घरातील सीमादगडाबाबत

प्रति,
मा. सीमा निश्चिती अधिकारी,
विभागीय कार्यालय

विषय : राहत्या घरातील सीमादगड व माझ्या पत्नीच्या जिवाबाबत.
संदर्भ : दोन्ही जिल्हा कार्यालयांची उत्तरे. (दोघांच्याही मते आम्ही दुसऱ्याचे.)

महोदय,

१. मी गाद्या शिवणारा कारागीर असून पुढल्या खोलीत माझे काम चालते व तेथेच आमची खाट आहे. मागे स्वयंपाकघर व न्हाणी. माझ्या दिवंगत वडिलांनी फार पूर्वी माळावरून एक चपटा दगड आणला होता. कापड ताणून बसावे म्हणून त्यावर वजन लागते, एवढाच त्यांचा हेतू. काम नसेल तेव्हा तो दोन खोल्यांमधल्या उंबऱ्याशी पडून असे.

२. देशाचे प्रांत, प्रांताचे विभाग, विभागाचे जिल्हे व जिल्ह्यांचे तालुके असतात हे मी शाळेत पाठ केले होते; त्यापुढे घराचे दोन भाग येतात हे पुस्तकात नव्हते. जिल्ह्याचे विभाजन झाले तेव्हा आपले मोजणीदार जुनी खूण असलेला सीमादगड शोधत गावभर हिंडले आणि तो आमच्या उंबऱ्याशी सापडला. त्यांना फार आनंद झाला. तो कसा आला हे मी हात जोडून सांगितले. त्यावर, दगड असतो तेथेच सीमा असते, असे सांगून त्यांनी त्याला पिवळा रंग दिला. तेव्हापासून आमची खाट जुन्या जिल्ह्यात व चूल नव्या जिल्ह्यात आहे. सुरुवातीला आम्ही हसलो. पत्नी मला चहा देताना, परजिल्ह्यातून माल आलाय, असे म्हणत असे.

३. पत्नीला आठवा महिना आहे. रक्तदाब चढलेला असून केव्हाही झटका येईल, असे डॉक्टरीणबाईंनी सांगितले आहे. गेल्या आठवड्यात ती चुलीपाशी कोसळली. जुन्या जिल्ह्याची रुग्णवाहिका आली. चालक भला माणूस होता, पण उंबऱ्याशी थबकला. म्हणाला, "दादा, वहिनी पलीकडे पडल्यात. माझी नोकरी जाईल. तुम्ही अलीकडे आणून ठेवा, मग मी उचलतो." मी व मेहुण्याने तिला चादरीवरून ओढले. महोदय, तिचे डोळे पांढरे झाले होते.

४. जुन्या जिल्ह्याच्या रुग्णालयाने चूल नव्या जिल्ह्यात म्हणून परत पाठवले. नव्या जिल्ह्याचे म्हणणे, झोपते तेथली रहिवासी. त्यानंतर दोघांनीही आपापल्या गाडीने आणलेलाच रुग्ण घ्यायचा असे ठरवले, आणि आता दोघेही गाडी पाठवत नाहीत. भाड्याच्या रिक्षाने गेलो तर फाटकातूनच परतवले. ती आता उंबऱ्याशी बसून असते, म्हणजे कोणीही आले तरी सोयीचे पडेल. मला रात्रंदिवस भीती वाटते.

५. दगडावर देखरेखीसाठी येणाऱ्या हवालदारांनी मला बजावले आहे की, दगड तसूभर जरी हलला तरी अटक होईल. मी सहज विचारले, कोणत्या जिल्ह्याचे पोलीस येतील? ते म्हणाले, "जो आधी पोचेल तो. आरोपी धरायला आम्हाला हद्द आडवी येत नाही." आजारी आरोपीला रुग्णालय परत पाठवते का, असेही विचारले. ते हसले. पोलिसांनी आणलेल्याला नाही म्हणायची कोणाची टाप नाही, असे त्यांचे म्हणणे पडले.

६. आज सकाळपासून पत्नीचे डोके ठणकत आहे व तिला समोरचे दोन-दोन दिसत आहे. सबब नम्रपणे कळवितो की, सदर दगड मी उचलला आहे. मेहुणा तो हातगाडीवर घालून या अर्जासोबत आपल्या दारात आणत आहे. मेहुण्याला यातले काही ठाऊक नाही, त्याला बसायला सांगावे व पाणी द्यावे. मी पळून जाणार नाही, घरीच आहे.

७. दगड उचलताना दाराची कडी पत्नीने काढली. म्हणून ती सहआरोपी आहे. कृपा करून गाडी ताबडतोब पाठवावी आणि आधी तिला अटक करावी.

आपल्या गाडीची वाट पाहणारा,
(सही)
उंबऱ्याकडचा गादीवाला
दिनांक : आजचाच

सोबत :
१) डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी
२) दोन्ही जिल्ह्यांची उत्तरे
३) सीमादगड, नग एक