खेमलानींच्या घरची चौकशी

९ एप्रिल २०१६, शनिवार

शी! आज स्वतःच्या नवऱ्याची किळस आली.

काल आमचा पाडवा झाला, आज त्यांचं सिंधी नववर्ष, चेटीचंड. म्हणून इथे सिंगापुरातच राहणाऱ्या हितेशच्या आईवडिलांनी जेवायला बोलावलं. आमच्या जाईला या मुलाशी लग्न करायचंय — आणि निशिकांत सोफ्यावर टेकतो न टेकतो तोच, "आपका गोत्र क्या है?"

हितेशचे वडील, गोपजी, हसले. म्हणाले, आमच्यात नुख, म्हणजे कूळ, बघतात. आम्ही जातीनं लोहाणा. खेमल नावाचा कुणी पूर्वज, म्हणून खेमलानी. "हम ही में से कोई मुसलमान होकर मेमन बना, कोई खोजा. हम नानक को मानते रहे." देवघरात ग्रंथसाहेब, माशावर बसलेले झूलेलाल आणि शेजारी सिंधमधल्या सेहवानच्या दर्ग्याचा फोटो.

"दरगाह? फिर आप पक्के हिंदू तो हैं ना?" — हे निशिकांतचं, देवासमोर पानावर बसून! हितेशच्या आई, विष्णीताई, वाढता वाढता थांबल्या. जाई लालबुंद.

घरी आल्यावर त्यांनी डब्यात दिलेला प्रसादाचा गोड भात यानं सरळ कचऱ्याच्या चूटमध्ये ओतला. जाईच्या डोळ्यांदेखत! हाच माणूस टॅम्पिनीसच्या हॉकर सेंटरला, खाऊच्या स्टॉलवर, मुसलमानाच्या हातची मटण बिर्याणी बोटं चाटत खातो. तेव्हा नाही कुणाचं कूळ आठवत.

११ एप्रिल

पुण्याहून सरोजिनीवन्संचा फोन. "सिंधी म्हणजे ना धड इकडचे, ना तिकडचे." निशिकांत नुसता हो हो करतोय. ओकारी येते ऐकून.

१४ एप्रिल

जाई घरात कुणाशी बोलत नाही. "येईल ताळ्यावर," म्हणे! आता यानं गोपजींना फोन करून मागच्या सात पिढ्या विचारल्या. फाळणीत अंगावरच्या कपड्यांनिशी बोटीत चढलेल्यांची लेकरं ती — कुठून सांगणार? आणि का सांगावं याला? माझं तर डोकंच फिरलं. भाजी करपली.

२३ एप्रिल

जाईनं रजिस्टर लग्नाची तारीख घेतली. साक्षीदार गोपजी आणि विष्णीताई.

मी म्हटलं, "बाबांचं राहू दे. मी येते."

"नको, आई. बाबा कसे आहेत ते मला माहीतच होतं. पण त्या दिवशी तू मान खाली घालून जेवत राहिलीस."