मामांच्या कोशाबाबत खुलासा

निशातगंज, लखनौ
१२ जून १९९४

तीर्थस्वरूप मामांस चारूचा साष्टांग नमस्कार.

मिरजेस आपले गुडघे आणि मामींचा दमा ताब्यात असावा. आम्ही उकडून निघतो आहोत, पण मजेत. आमची लेक स्वरदा माझ्या मराठीला हल्ली हिंदीतच उत्तरे देते, म्हणजे तब्येत उत्तम.

आपले एका ओळीचे कार्ड फेब्रुवारीत मिळाले (उत्तराला जरा उशीर झाला). ‘कोश आला की बोलू.’ मामा, वाचून फार वाईट वाटले. आपल्याला बक्षिसात मिळालेला इंग्रजी कोश मी नोकरीच्या परीक्षेसाठी नेला, त्याला आठ वर्षे झाली. आपण इंग्रजीचे मास्तर, म्हणून मी पत्रेही इंग्रजीत लिहीत असे आणि कोश कधी पाठवणार याच्या पुढे दर वेळी ‘सून’ लिहीत असे (मामींनी गैरसमज करून घेऊ नये, शब्द इंग्रजी आहे). शेवटी मनाला लागले म्हणून तोच शब्द कोशात काढून पाहिला. हजार वर्षांपूर्वी त्याचा अर्थ ‘लवकरच’ नव्हता, ‘ताबडतोब’ होता. लोक ताबडतोब येतो म्हणत आणि बसल्या जागचे हलत नसत. ऐकणारे शहाणे झाले आणि शब्द बिचारा ढिला पडला. तेव्हा दोष माझ्या एकट्याचा नाही, एवढे तरी मान्य करावे.

हा शोध मी ऑफिसातले बडे बाबू सक्सेनाजी यांना सांगितला. (माझा मिरजेच्या रजेचा अर्ज त्यांच्याच टेबलावर मुरतो आहे.) ते पान चघळत शांतपणे म्हणाले, “साहब, इसमें लफ़्ज़ का क्या क़ुसूर? जल्दी तो अंग्रेज़ों को थी, वो चले गए।” सगळे सेक्शन हसले, मग चहा आला, मग मलिहाबादच्या दशहरी आंब्यांचा विषय निघाला आणि काम उद्यावर गेले. इथे कुणी तोंडावर नाही म्हणत नाही, मामा. मीही तसाच होत चाललो की काय, अशी भीती वाटते.

कोश सुखरूप आहे. राग सोडावा.

आपला भाचा,
चारुदत्त

ता. क. कोश सक्सेनाजींकडे आहे. तो अर्थ स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा म्हणून मार्चमध्ये घरी घेऊन गेले. मागितला की हात जोडून म्हणतात, “बस, दो-चार रोज़ में।”

ता. ता. क. रजेमुळे मला त्यांच्याशी वाकडे बोलता येत नाही. आपणच एक खरमरीत पत्र टाकावे. इंग्रजीत मात्र लिहू नये. अर्थ पाहायला म्हणून ते कोश आणखी ठेवून घेतील.