त्येच्या म्होरं कोन गेल्तं?

माय, आज आष्टीच्या घरात, तुझ्या चुलीपाशी बसून लिहितोय. आखातातली लढाई थांबली, तेव्हा मी तेलाच्या जहाजावर इंजिनात कामाला होतो आणि सुट्टीवर घरी आल्तो. तिकडच्या समुद्रात सुरुंग पेरलेत, हे तू रेडिओवर ऐकलंस आणि माझी बॅग कणगीमागं लपवलीस. "बिलकुल जायचं न्हाई. रानात काय कमी हाय?" म्हणालीस. मी बॅग शोधून काढली. निघताना तू दारात आली नाहीस.

बंदराबाहेर आमचं जहाज नांगर टाकून थांबलं. पुढं एक लहानसं करडं जहाज सावकाश फिरून राह्यलं होतं. थोडं जायचं, थांबायचं, पाण्याखालचा कानोसा घ्यायचं. काही सापडलं की तारेला बांधलेलं एक छोटं यंत्र खाली सोडायचं. मग लांब कुठंतरी सुरुंग फुटून पाणी पांढरं होऊन उसळायचं आणि आमच्या पायाखालचं लोखंड थरथरायचं. रस्ता मोकळा झाल्यावरच आम्ही आत गेलो.

बंदरात ते जहाज आमच्या शेजारीच लागलं. त्यावरच्या बेल्जियमच्या एका खलाशाला मी मोडक्या इंग्रजीत विचारलं, भीती वाटत नाही का? त्यानं जहाजाच्या अंगावर टकटक करून दाखवलं. लोखंड नव्हतंच, काचेच्या धाग्यांचं, प्लॅस्टिकसारखं काहीतरी. सुरुंगाला लोखंडाची चाहूल लागते म्हणून. फ्रान्स, बेल्जियम आणि हॉलंड, तिघांनी मिळून ही जहाजं घडवलेली. सुरुंग शोधायची यंत्रं एकाची, विजेचं सामान दुसऱ्याचं, इंजिनं तिसऱ्याची. "भांडणं होत नाहीत?" मी विचारलं. "होतात की," तो हसला. "पण जहाज बुडू देत नाही."

घरी परतलो तेव्हा तू भाकरी थापत होतीस. मी सगळं सांगितलं. तू, मोठी आई आणि काकू, तिघी जावांनी एका चुलीवर घर चालवलेलं. तीन देशांचं तुला लगेच उमजलं. "एकीचं पीठ, एकीचं सरपण. बराबर हाय," म्हणालीस. मग तुझा हात थांबला.

"तुमच्या म्होरं ते गेलं. मंग त्येच्या म्होरं कोन गेल्तं?"

"कोणी नाही, माय."

"त्या लेकराच्या मायला ठावं हाय का?"

तव्यावरची भाकरी करपली, ती तूच खाल्लीस.

पुढच्या खेपेला बॅग तूच भरलीस. सगळ्यात वर शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा. "त्येला दे." समुद्र केवढा असतो, हे तुला कसं सांगावं? तो माणूस पुन्हा भेटला नाही. पण एका बंदरात हुबेहूब तसलंच जहाज दिसलं, फक्त झेंडा फ्रान्सचा. मी डबा वर दिला. एका दाढीवाल्यानं लाडू सगळ्यांना वाटले आणि विचारलं, कोणी केले? आईनं, म्हणालो. कशासाठी? "तुम्ही पुढं जाता म्हणून." रिकामा डबा परत देऊ नये, हे त्याला कोणी शिकवलं होतं कोण जाणे; त्यानं तो चॉकलेट भरून दिला. तू ते जावांत वाटलंस, स्वतः चाखलंस आणि म्हणालीस, "कडू हाय. पर मायेचं हाय."

तुला वाचता येत नव्हतं. माझी पत्रं काकू वाचून दाखवायची; तुझ्यामागं तीही गेली. म्हणून हे पत्र टपालात टाकणार नाही. मघाशी मीच मोठ्यानं वाचून बघितलं. तुझं बोलणं आलं तिथं तुझ्यासारखं बोलायला गेलो. शब्द सगळे आठवतात, माय. आवाज आठवत न्हाई.