पोळपाटावरचा लॅपटॉप

अण्णा, तुमच्या वेळी ही वस्तू नव्हती, म्हणून आधी तिचंच सांगतो. हिशेबाच्या चोपडीएवढा सपाट डबा. उघडला की वरच्या बाजूला काच आणि खाली टाइपरायटरसारखी बटणं. त्याला लॅपटॉप म्हणतात, म्हणजे मांडीवर ठेवायचा. पण माझा मांडीवर घेतला तर लेंग्याला इस्त्री होईल इतका तापतो. म्हणून मी तो पोळपाटावर ठेवतो. पोळपाटाला तीन पाय, खालून वारा खेळतो. घरात त्यावरून रोज खटका. बायको म्हणते, "आवं, त्याला पाळण्यात घाला न्हाईतर देवघरात बसवा, पन माझा पोळपाट सोडा. चपात्या काय परातीच्या पाठीवर लाटू?" मी म्हणतो, लाट की, गोलच होतील. मग जेवणापर्यंत बोलणं बंद.

तुम्ही गेल्यानंतर मी साताऱ्यात राहिलो नाही. सांगलीला आलो. तुमच्याकडं शिकल्याप्रमाणं बाजाच्या पेट्या दुरुस्त करता करता लाउडस्पीकर दुरुस्त करायला लागलो, लाउडस्पीकरवरून टेपरेकॉर्डर, आणि आता माझी स्वतःची रेकॉर्डिंगची खोली आहे. भिंतींना आतून गोणपाट ठोकलंय, त्यावर अंड्यांचे पुठ्ठे. जत्रेतली गाणी, लग्नाचे बँड, कारखान्याच्या निवडणुकीचा रिक्षावरून ओरडायचा प्रचार, सगळं तिथं होतं. टेपची खरखर माझ्या कानाला कायम बोचायची. पुण्याच्या एका कंप्युटरवाल्यानं सांगितलं की यात खरखर नाही, आवाज चित्रासारखा काचेवर दिसतो, नको तो भाग कातरीनं कापल्यासारखा कापता येतो. जुना होता, बॅटरी मेलेली होती, तरी घेतला. खरखर खरंच गेली. पण अण्णा, दम्याच्या माणसाला जिना चढायला लावावा तसं त्याचं काम. आवाज जरा लांबलचक झाला की पोटात घर्र घर्र करतो आणि मग गप्प. जागा तर इतकी कमी की नवीन काही घ्यायचं म्हणजे जुनं पुसायचं. बटण दाबलं की लगेच वाजतही नाही. आधी विचार करतो, मग वाजतो. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. ते अर्धा क्षण थांबणंसुद्धा मला सोसत नाही. तोवर मी उठून पंख्याचं बटण खालवर करून येतो.

पण लिहायला बसलोय ते तात्यांसाठी. तुमचे तात्या, इस्लामपूरकडचे, फौजेतून सुटून ऊस लावणारे आणि गावच्या भजनी मंडळाचे बुवा. पेटी दुरुस्तीला घेऊन यायचे आणि दुरुस्ती झाली तरी चार दिवस तुमच्याकडं मुक्कामाला राहायचे. मध्यंतरी ते माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. मिशा पांढऱ्या, पाठ अजून परेडला उभी असल्यासारखी. आवाज मात्र खाली उतरलेला. म्हणाले, "गड्या, घशात गाठ हाय. मिरजंचा डाक्टर म्हनतोय काढायची. आवाज ऱ्हाईल का न्हाई त्येचं कायबी सांगत न्हाई. तवा त्यो जायच्या आदी तुज्या डब्यात घालून ठेव. मंडळाला पायजे. माझ्या मागं त्येंनी कुनाच्या मागं म्हनायचं?" मी लगेच पेटी ओढली. तर हात हलवून म्हणाले, "पेटी नगं. तुजी पेटी लय बोलती. टाळबी नगं. नुस्ता गळा घे."

पेटी लय बोलते. ही तक्रार पहिली तुमची, अण्णा. मला तो गुरुवार आठवतो. मी माणमधून येऊन तुमच्या दुकानात पेटीचे पितळी सूर घासायला बसलो त्याला वर्षभर झालं असेल. घरचे सगळे मुंबईला गेले होते, मला एसटीत उलटी झाली म्हणून मी साताऱ्याला उतरलो तो तुमच्याकडंच राहिलो, यावर काकू कायम हसायच्या. त्या गुरुवारी तुमच्या स्वयंपाकघरालगतच्या खोलीत भजन आहे, फोडणीचा वास येतोय, तात्या गातायत आणि तुम्ही पहिल्यांदाच पेटी माझ्यापुढं सरकवलीय. तात्या ओळ संपवून थांबले की मी त्या थांबलेल्या जागेत बोटं पळवतोय. मला वाटतंय, काय छान भरतोय मी. नुसता भात्यावर तळवा ठेवलात. पेटीचा श्वास बंद. सगळ्यांसमोर. नंतर जेवताना म्हणालात, "एसटीच्या सीटवर रुमाल टाकलेला असतो की नाही? तिथं कुणी दिसत नाही, पण तू बसतोस का? गाणारा थांबला म्हणजे त्यानं रुमाल टाकलाय. मागच्यांची जागा आहे ती." काकूंनी माझ्या ताटात मुद्दाम जास्त आमटी वाढली, मी मान खाली घालून भुरकत राहिलो.

एवढं सगळं ऐकलेला मी. आणि तात्या माझ्या खोलीत एकटेच गायले तेव्हा काय झालं सांगतो. डोळे मिटून, मांडीवर बोटानं ठेका धरून गायले. एक ओळ म्हणायचे आणि थांबायचे. चांगलं लांब थांबायचे. मला कानातल्या हेडफोनमधून त्यांचा श्वास ऐकू येत होता, त्यात घशातली ती घरघर. मला वाटलं, म्हातारा दमतोय. आजारी माणूस, ओळीनंतर दम घेतोय. ते गेल्यावर मी लॅपटॉप पोळपाटावर बसवला आणि त्यांच्या सगळ्या थांबलेल्या जागा एकेक करून कापून टाकल्या. कुणाला कळू नये की तात्यांना धाप लागत होती, म्हणून. शिवाय मशीनला जागा हवी होती; कापलेलं गाणं जुन्याच्याच जागी साठवलं, म्हणजे मूळ पुसलं गेलं. काम झाल्यावर ऐकलं तर ओळीमागून ओळ कशी घोड्यासारखी पळत होती. मी खूश. तिकडं मिरजेत त्यांचं ऑपरेशन झालं. माणूस वाचला, गळ्याला भोक पडलं, आवाज गेला.

ते घरी आल्यावर मी त्यांना ऐकवायला गेलो. सुनेनं चहा आणला. तात्यांच्या गळ्याला पांढरं फडकं, मांडीवर नातवाची पाटी. मी लॅपटॉप लावला, नेहमीसारखा तो विचार करत बसला, मग सुरू झाला. तात्या आधी हसले. मग पुढची ओळ आली, लगेच त्याच्या पुढची, आणि त्यांची मांडीवरची बोटं अडखळायला लागली. चेहरा असा झाला की जणू भरलं घर म्हणून आत शिरावं आणि ते रिकामं निघावं. पाटीवर खडूनं लिहिलं, "माझी माणसं कुठं गेली?"

मी म्हणालो, "कोन मानसं, तात्या? तुमी एकटंच होता की."

त्यांनी पाटी पुसली, लिहिलं, "मी एकटा गात नसतो."

अण्णा, माझा चहा तसाच राहिला. ते दमत नव्हते. ते मंडळ ऐकत होते. मागच्या सगळ्यांनी ओळ उचलावी, टाळ वाजावा, पखवाज एक तुकडा घ्यावा, एवढी जागा प्रत्येक वेळी मोजून सोडत होते, आणि मी कीव येऊन ती जागाच कापली. सून बिचारी म्हणाली, "भाऊजी, मशीनचं काय बिघडलं असंल." मीही म्हणालो, हो, मशीनच आहे तसलं. तात्या माझ्याकडं बघत राहिले.

त्यानंतरचे दिवस माझे कसे गेले ते बायकोला विचारा. तात्यांना पुन्हा गायला सांगता येत नव्हतं, म्हणजे जे होतं त्यातूनच काढायचं होतं. नुसत्या रिकाम्या जागा परत घालता येतात, मशीन घालतं. पण किती? तात्या प्रत्येक ठिकाणी वेगळं थांबत होते. मंडळ जिथं रंगात येतं तिथं लांब, नव्या कडव्याला आखूड. ते माप त्यांच्या कानात होतं. मी बसायचो, उठायचो, दुकानाचं शटर उगाच वर करून खाली करायचो. शेवटी एक सुचलं. माप मशीनला विचारायचंच कशाला? मंडळालाच म्हणायला लावायचं. त्यांचं म्हणणं संपलं की मी बटण दाबून तात्यांची पुढची ओळ सोडायची, आणि समोर टेपरेकॉर्डर ठेवून सगळं एकत्र कॅसेटवर घ्यायचं. त्यासाठी मी कापलेल्या जागा कानानं शोधत बसलो. जिथं कापलं तिथं अगदी बारीक टक् असा आवाज होतो, काचेवर दिसत नाही, कानाला कळतो. त्या त्या ठिकाणी तोडून एकेका ओळीचा वेगळा तुकडा केला. लॅपटॉपलाही लहान घास गिळायला बरा पडला.

रविवारी दुपारी देवळाच्या मंडपात जमलो. डेअरीतून वायर ओढली, लॅपटॉप पोळपाटावर, पोळपाट पाटावर. बायकोला कळू न देता पिशवीतून आणला होता. मंडळी टाळ घेऊन बसली, तात्या नेहमीच्या जागी, सगळ्यांच्या पुढं. हे मधेच बंद पडलं तर? एखादा तुकडा गिळून बसलं तर दुसरी प्रत नाही, आणि पुन्हा आवाज देणारा गळा नाही. पहिली ओळ सोडली. लाउडस्पीकरमधून तात्या आले, सगळ्यांनी एकदम तात्यांच्या बंद तोंडाकडं पाहिलं, आणि ओळ उचलायचीच विसरले. पुन्हा लावली. या वेळी उचलली. त्यांचं संपलं, मी बटण दाबलं, आणि आमचे साहेब विचार करत बसले. टाळ विस्कटला, पखवाज लटकला, मग तात्या उगवले.

पखवाजवाला म्हणाला, "ह्यो गडी एसटीगत लेट हाय रं."

मागून एकजण म्हणाला, "तात्या जित्तं आसताना कवा लेट न्हवतं."

"आरं भाड्या, जित्तंच हायत की! म्होरं बसल्यात बघ!"

मंडप हसला. तात्याही हसले, खांदे गदगदा हलले, आवाज नाही. पाटीवर लिहून मागं दाखवलं, "त्याला कवायत करायला लावा." पुन्हा हशा. पण त्या हशात माझ्या लक्षात आलं की मशीन सुधारणार नाही, सुधारायचं मला. ते दरवेळी जेवढं उशिरा येतं तेवढं मी आधी निघायचं. म्हणजे मंडळाची ओळ अजून संपायची असतानाच, शेवटच्या शब्दाआधी, बटण दाबायचं. कुठं संपणार ते आधीच ऐकायचं. आणि तात्यांना ते माझ्याही आधी कळलं. त्यांनी उजवा हात वर केला, मंडळाच्या शेवटच्या ठेक्याच्या एक मात्रा अलीकडं खाली आणला, मी दाबलं, आणि मागचे थांबले त्याच क्षणी तात्यांचा आवाज आला. बरोब्बर. पखवाजवाल्यानं मान हलवली. मग सगळे फक्त गायले. हात खाली आला की मी बटण दाबत होतो. हात तात्यांचा, आवाज तात्यांचा, मधलं मशीन आणि मी कुठंच नव्हतो. खालून पोळपाट करपल्याचा वास येत होता. मी बघितलंसुद्धा नाही.

असं शेवटच्या अभंगापर्यंत आलो. मंडळानं शेवटची ओळ उचलली, टाळ चढला, तात्यांच्या आवाजाचा एकच तुकडा उरला होता. तात्यांचा हात खाली आला. मंडळ थांबलं. आवाज आला नाही. टाळ हातात धरून सगळे थांबलेत, कुणीतरी नाक ओढलं, बाहेर शेळी ओरडली. पखवाजवाला हळूच म्हणाला, "आडाकला वाटतं." मी म्हणालो, "तापलाय. जरा दम धरा." तात्या मात्र मशीनकडं बघत नव्हते, माझ्याकडं बघत होते. त्यांनी घाई केली नाही. हात तसाच मांडीवर ठेवून बसले. मग आवाज आला, शेवटची ओळ झाली, मंडळानं ती घेतली आणि सोडलीच नाही बराच वेळ.

कॅसेट गावात आहे. सोमवारी भजनाला लावतात, तात्या पुढं बसतात. मंडळातल्या एकानं परवा निरोप पाठवला की शेवटी ती जी लांब जागा पडलीय तेवढी कापून द्या, तुमच्याकडं मशीन हाय. मी अजून कळवलं नाही; रुमाल टाकलेली जागा कशी कापू? पोळपाटाला मधोमध डाग पडला, नवीन आणून दिला, तरी बायको मशीनला शिव्या घालते. मीही घालतो, चारचौघांत. आणि हे पत्र मी कुठं टाकणार? तुमच्याखेरीज कुणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहिलं.

लॅपटॉप अडकला नव्हता, अण्णा. हात खाली आला तेव्हा शेवटच्या तुकड्याला मी बटण दाबलंच नव्हतं.